जांबोटीच्या जुन्या टोपोशीटवर ओढा काळा का?

ओढ्याकाठचा:
मंडळी, आजोबांच्या ट्रंकेत सर्व्हेचा जुना नकाशा (टोपोशीट) घावला, मागं कापड लावलेला, ४८ आय/६ नंबर, एक इंचाला एक मैल. वर बॉम्बे छापलंय, आणि आमचा बेळगाव जिल्हा १९५६ ला बॉम्बे राज्यातून म्हैसूर राज्यात (आताचं कर्नाटक) गेला, म्हणजे त्याच्या आधीचा असणार. आमच्या डोंगरापलीकडचा रानातला ओढा त्यात काळ्या रेघेनं काढलाय, निळा नाही, असं का? आणि मामा म्हणतात त्याचं पाणी म्हादईला जातंय, मी म्हणतोय मलप्रभेला. ओढ्याचं तोंड नेमकं घडीवर फाटलंय!

रानवाट:
काळी रेघ म्हणजे बारमाही नाही एवढंच. पावसाळ्यात छातीएवढं पाणी असलं तरी उन्हाळ्यात कोरडा पडतो ना, मग काळाच. दिशेसाठी तोंड कशाला पाहिजे, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेघा बघा की. ओढा ओलांडताना त्या इंग्रजी व्ही सारख्या वळतात आणि टोक कायम उगमाकडं असतंय, पाणी उलट्या बाजूला. रेघेवरचे उंचीचे आकडे पण वाचा, फुटात असतात, मीटर समजून बसू नका.

खानापूरकर:
मामांना एकदम खोटं पाडू नका हं. आपल्याकडं पाणी लई जवळजवळ फुटतंय. मलप्रभा कनकुंबीला उगवते आणि पूर्वेला जाऊन कूडलसंगमाला कृष्णेत मिळते, आणि तिथलाच कळसा नाला पश्चिमेला म्हादईत, म्हणजे पुढं गोव्यात मांडवी होऊन समुद्रात. ट्रेसिंग पेपर ठेवून डोंगराचे माथे पेन्सिलीनं जोडत जावा, ओढा त्या रेघेच्या कुठल्या अंगाला पडतो ते दिसेल. आणि घडीला सेलोटेप लावू नका राव, पिवळी पडून कागद खाते.

जीआयएसवाला:
स्कॅन करून मोबाईलच्या नकाशावर बसवणार असाल तर सगळंच थोडं सरकलेलं दिसेल, ओढ्यानं जागा बदलली म्हणून घाबरू नका. जुन्या शीटला पृथ्वीच्या आकाराचं एव्हरेस्ट नावाचं जुनं माप धरलंय, जीपीएसचं वेगळं. जुळवताना देऊळ, पूल असले पॉइंट घ्या, ओढ्याचं वळण नको. आणि बांधाच्या भांडणात हा नकाशा काढू नका, त्याला सर्व्हे नंबरचा नकाशाच लागतो.

ओढ्याकाठचा:
बघितलं! व्हीचं टोक पश्चिमेला, आकडे पूर्वेला उतरतात, म्हणजे मलप्रभाच. मामा म्हणतात इंग्रजांनी उलटं काढलंय.

रानवाट:
जुलैत मामांना घेऊनच जावा तिकडं, जळवा लागल्या की लवकर पटतंय 😄