राज्य माहिती आयुक्ताची निवड नेमकी कोण करतं?

शंकेखोर: राज्य माहिती आयुक्तपदासाठी अर्ज करायचा तर पात्रता कशी पाहतात? उमेदवाराचं वय ६३, वकिली चालू, शिवाय एका पक्षाचं साधं सदस्यत्व. अर्ज बाद होईल का? आणि आयुक्त नेमतात कोण, मुख्यमंत्री की राज्यपाल?

कलमवाचक: आदेश राज्यपालांचा, शिफारस तिघांच्या समितीची. माहिती अधिकार कायद्याचं कलम १५(३) बघा: मुख्यमंत्री अध्यक्ष, विधानसभेतले विरोधी पक्षनेते आणि मुख्यमंत्र्यांनी सुचवलेले एक कॅबिनेट मंत्री. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता त्या जागी बसतो, म्हणजे ‘विरोधी पक्षनेता नाही’ या कारणाने समिती अडत नाही. मुख्य आयुक्त सोडून जास्तीत जास्त १० आयुक्त नेमता येतात.

वकिली आणि पक्षाबद्दल: चालू व्यवसाय किंवा पक्षाशी संबंध नको म्हणणारं कलम १५(६) नुसतं वाचलं की अर्जच करता येणार नाही असं वाटतं. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नमित शर्मा प्रकरणाच्या पुनर्विलोकनात स्पष्ट केलं की अशा व्यक्तीचा विचार करता येतो. नेमणूक झाल्यावर मात्र व्यवसाय, पक्ष, लाभाचं पद हे सगळं सोडावं लागतं.

फाईलवाला: खरी अडचण वयाची आहे. २०१९ च्या दुरुस्तीआधी मुदत ५ वर्षं होती, आता नियमांनुसार ३. पण ६५ पूर्ण झाले की पद संपतं. ६३ व्या वर्षी नेमणूक झाली तर हातात जेमतेम २ वर्षं, आणि त्याच पदावर पुन्हा नेमणूक नाही. पदाची शपथ राज्यपाल किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती देते.

अर्जात ‘३० वर्षं नोकरी’ एवढंच लिहू नका. कायदा, विज्ञान-तंत्रज्ञान, समाजसेवा, व्यवस्थापन, पत्रकारिता, जनसंपर्क माध्यमं किंवा प्रशासन, यांपैकी ज्या क्षेत्रावर दावा आहे त्यातलं ठोस काम दाखवा. फक्त निवृत्त अधिकारीच घेत राहणं बरोबर नाही, हे न्यायालयाने २०१९ च्या अंजली भारद्वाज निकालात बजावलं आहे. जागा रिकामी व्हायच्या १-२ महिने आधी सरकारने प्रक्रिया सुरू करावी आणि निवडीचे निकष जाहीर करावेत, हेही त्यातच आहे. हे पाळलं नाही की पदं रिकामी राहतात आणि त्याची झळ माहिती आयोगाकडे अपील तुंबलेल्या साध्या माणसाला बसते. याचा पाठपुरावा नागरिकांनी करायलाच हवा.

शंकेखोर: निकष जाहीर झाले नसतील तर?

कलमवाचक: सामान्य प्रशासन विभागाकडे माहितीचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. छाननीचे निकष, शोध समितीच्या (अर्ज छाननाऱ्या समितीच्या) सदस्यांची नावं आणि निवड समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, एवढंच मागा. उमेदवारांचे बायोडेटा मागितले की ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येतो आणि पुष्कळदा बाकीचंही त्यासोबत अडकतं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर २० रुपये भरून पहिलं अपील.

फाईलवाला: एक जपा, ही पद्धत दुसऱ्या आयोगाला लावू नका. एमपीएससीत सदस्य राज्यपालच नेमतात, पण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३१६ मध्ये अशी समितीच नाही. मुदत ६ वर्षं किंवा वय ६२, यांपैकी जे आधी येईल ते. आणि हटवायचं झालं तर आदेश राष्ट्रपतींचा लागतो.