पऱ्हाटीवर आम्लप्रक्रिया केल्यानंतर चोथ्यातून ग्लुकोज का सुटत नाही?

ओलीमाती, नागपूर
नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी कापसाच्या पऱ्हाटीपासून साखर मिळवण्याचे काम करत आहे. दळलेली पऱ्हाटी २ टक्के सल्फ्युरिक आम्लात, १२१ अंश सेल्सिअसला ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली की द्रवात भरपूर साखर उतरते. परंतु उरलेला चोथा धुऊन, ओव्हनमध्ये सुकवून त्यावर सेल्युलेज (वनस्पतींच्या तंतूंतील सेल्युलोज तोडून ग्लुकोज देणारे एन्झाइम) घातले, तर ग्लुकोज फारच कमी मिळते. मोजमाप डीएनएस चाचणीने (रंग किती गडद होतो त्यावरून साखर मोजण्याची पद्धत) करते. आम्ल वाढवावे, वेळ वाढवावा, की एन्झाइमची मात्रा?

काष्ठरसायन
यांपैकी काहीही वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. द्रवात उतरलेली साखर मुख्यतः हेमिसेल्युलोज (सेल्युलोजभोवतीचा, सहज फुटणारा घटक) फुटून आलेले झायलोज, म्हणजे ग्लुकोजहून वेगळी साखर, आहे. सौम्य आम्लाने लिग्निन (तंतूंना जखडून ठेवणारा कठीण घटक) फारसे निघत नाही. तापमान पुरेसे चढले तर ते मऊ होऊन हलते आणि थंड होताना सेल्युलोजवरच थेंबांच्या रूपात पुन्हा बसते. शिवाय सेल्युलेज लिग्निनलाही चिकटते, त्यामुळे त्यातील काही भाग वाया जातो. आम्ल आणखी तीव्र केले, तर झायलोजचे फरफ्युराल हे यीस्टला घातक रसायन होईल आणि पुढे किण्वनात यीस्टला त्याचाच त्रास होईल.

पऱ्हाटीवर नेमकी हीच तुलना अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केली होती. २ टक्के आम्ल, १२१ अंश आणि ९० मिनिटे या स्थितीत सुमारे ९५ टक्के झायलन (हेमिसेल्युलोजमधील झायलोजची साखळी) निघून गेले, तरी आम्लप्रक्रियेनंतर सेल्युलोजचे ग्लुकोजमध्ये रूपांतर २४ टक्क्यांच्याच आसपास झाले. तेवढाच कॉस्टिक सोडा, तेवढाच वेळ आणि तेच तापमान ठेवल्यावर सुमारे ६५ टक्के लिग्निन निघाले व कॉस्टिकप्रक्रियेनंतर रूपांतर ६० टक्क्यांवर गेले. तुम्ही कॉस्टिककडे वळावे.

प्रयोगशाळेतला
वरील उत्तराशी सहमत आहे, पण ओव्हनचा मुद्दा त्यात सुटला आहे. प्रक्रिया झालेला चोथा सुकवला की तंतूंमधील सूक्ष्म छिद्रे मिटतात आणि पुन्हा भिजवल्यावर ती पूर्ववत उघडत नाहीत. मग एन्झाइम आत शिरणार कसे? चोथा ओलाच फ्रिजमध्ये ठेवावा, त्यातील थोडासा नमुना १०५ अंशांना सुकवून ओलाव्याचे प्रमाण काढावे आणि कोरड्या वजनाचा हिशेब त्यावरून करावा.

डीएनएसमध्ये झायलोजही मोजले जाते. ग्लुकोज वेगळे हवे असेल आणि एचपीएलसी (द्रावणातील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) उपलब्ध नसेल, तर रक्तातील साखर तपासण्यासाठी पॅथॉलॉजीत वापरतात ते जीओडी-पीओडी किट (एन्झाइमच्या साहाय्याने फक्त ग्लुकोज मोजणारे) चालते. एन्झाइमच्या द्रावणातही साखर असू शकते, म्हणून केवळ एन्झाइम घातलेली एक कोरी चाचणी लावावीच. उतारा मूळ पऱ्हाटीच्या वजनावर मांडावा. चोथ्याच्या वजनावर काढलेले आकडे दिसायला छान असतात, पण प्रक्रियेत काय वाहून गेले हे त्यांतून कळत नाही.

तणीस
कॉस्टिकचा सल्ला योग्यच आहे. मात्र चोथा उदासीन होईपर्यंत धुण्यास पाणी बरेच लागते (नागपूरच्या मे महिन्यात हा मुद्दा किरकोळ नाही) आणि मागे काळा द्रव उरतो. तो तसाच बेसिनमध्ये ओतू नये. त्यात हलवत हलवत आम्ल घालून पीएच २ च्या आसपास आणला, की बरेचसे लिग्निन साक्याच्या रूपाने खाली बसते व गाळून घेता येते. पुढे तुलनेसाठी भंडारा-गोंदियाकडील धानाचे तणीस घेणार असाल, तर त्यातील सिलिका कॉस्टिकमध्ये विरघळते आणि पीएच उतरवताना लिग्निनबरोबर तीही साक्यात येते, म्हणून त्या साक्याचे सगळे वजन लिग्निनच्या खात्यावर टाकू नये. थोडा साका जाळून राखेचे वजन वजा करावे.