गाडी पुढचे टायर आतून खातेय: मोड बदलू, उंची बदलू की अलाइनमेंट (चाकांचे कोन)? (इलेक्ट्रिक पिकअप, सल्ला हवा)

सई_लाँगमाँट

नमस्कार मंडळी,

मी कोलोरॅडोत लाँगमाँटला राहते. दीड वर्षापूर्वी इलेक्ट्रिक पिकअप घेतला. चार चाकांना चार मोटर, एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेली गाडी, उंची बदलता येते), वजन बॅटरीसकट सात हजार पौंडांच्या आसपास. रोज डेन्व्हरला जाऊन-येऊन सत्तर मैल होतात, शनिवार-रविवारी कधीतरी आय-७० महामार्गाने डोंगरात. एकूण २१,००० मैल झाले.

परवा गाडी धुताना स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं होतं, म्हणून पुढच्या टायरची आतली बाजू पहिल्यांदाच नजरेला पडली. पोटात गोळाच आला. बाहेरून टायर चांगला दिसतो, आतली कड मात्र हाताला गुळगुळीत लागते. गेज आणून नक्षीची खोली मोजली: बाहेर ७/३२ इंच, मध्ये ६/३२, आत २/३२. दोन्ही बाजूंना जवळपास तेच. मागचे दोन्ही टायर सगळीकडे सारखे, ७/३२.

गाडी घेतल्यापासून जवळजवळ सगळं ड्रायव्हिंग कन्झर्व्ह मोडमध्ये केलंय, कारण रेंज जास्त मिळते. या मोडमध्ये मागच्या मोटर सुटतात, फक्त पुढची चाकं ओढतात आणि गाडी आपोआप सव्वा-दीड इंच खाली बसते. रोटेशन (पुढचे टायर मागे, मागचे पुढे) एकदाच केलं, ९,००० मैलांना.

माझे प्रश्न: हे मोडमुळे झालं की उंचीमुळे, की अलाइनमेंटच बिघडलंय? दोनच टायर घेऊ की चारही? आणि पुढे कुठल्या मोडमध्ये चालवू? घाई एवढ्यासाठी की सप्टेंबर ते मे आय-७० वर मॉरिसन ते डॉट्सेरो ट्रॅक्शनचा, म्हणजे टायरच्या पकडीचा, नियम असतो आणि त्यात किमान ३/१६ इंच, म्हणजे ६/३२, खोली लागते. सासू-सासरे दिवाळीला येतायत आणि त्यांना बर्फ बघायचाय. या टायरवर त्यांना घेऊन डोंगरात जायची माझी तयारी नाही.

ऑस्टिनकर

सई, माझ्याकडे फोर्डचा इलेक्ट्रिक पिकअप, एफ-१५० लाइटनिंग आहे. तिला एअर सस्पेन्शन नाही, साधे कॉइल स्प्रिंग, त्यामुळे उंचीचा प्रश्नच येत नाही. दर ५,००० मैलांना टायर पुढचे मागे, मागचे पुढे करतो. ३०,००० झाले, चारही सारखे झिजलेत. तुमचं रोटेशन फार लांबलंय. ९,००० नंतर पुढे बारा हजार मैल तेच टायर पुढे राहिले, तेही सगळा भार ओढत.

घाटरस्ता

सईताई, मी मिशिगनमध्ये सस्पेन्शनच्याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोड, उंची आणि अलाइनमेंट ही तीन वेगळी कारणं नाहीत, एकातून दुसरं निघतं. तुमच्या गाडीला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक आपलं आपलं वर-खाली होतं. वर-खाली दोन विशबोन (चाक धरून ठेवणारे दांडे) आणि चाक वळवणारा स्टिअरिंगचा टाय रॉड, हे सगळे आपापल्या बिजागरीवर कमानीत फिरतात. गाडी खाली बसली की प्रत्येक दांड्याचा कोन बदलतो. चाकाचा माथा आत झुकतो, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर वाढतो. शिवाय चाकाचं तोंड थोडं आत किंवा बाहेर वळतं, तो टो. किती आणि कुठल्या दिशेला, हे गाडीगणिक वेगळं. पण अलाइनमेंट करताना आकडे स्टँडर्ड उंचीला लावलेले असतात. तुम्ही रोज सत्तर मैल दुसऱ्याच उंचीवर चालवताय. म्हणजे कागदावर अलाइनमेंट बरोबर असूनही रस्त्यावर ते बरोबर असेलच असं नाही.

बरेच जण कॅम्बरला दोष देतात. नुसता कॅम्बर टायर खातो, पण हळूहळू. खरा खाणारा टो. साधा हिशोब करून बघा. चाक सरळ दिशेपासून अंशाचा फक्त दहावा भाग वळलेलं असेल, तर ते एक मैल पुढे जाताना साधारण नऊ फूट आडवं घासलं जातं. वीस हजार मैलांना हे पस्तीस मैल होतात. तेवढं अंतर टायर आडवा ओढला, असं समजा. कॅम्बरमुळे भार आधीच आतल्या कडेवर आलेला, त्यामुळे हे घासणं तिथेच पडतं. दोन्ही एकत्र आले की तुम्ही मोजलंत तसं चित्र दिसतं.

आता मोड. कन्झर्व्हमध्ये पुढचे दोन टायर काय काय करतायत बघा: वळवणं, ओढणं, ब्रेकचा मोठा वाटा आणि पाय उचलला की रीजनरेशनचं (मोटरनेच वेग कमी करून बॅटरी भरण्याचं) सगळं ओढणंसुद्धा, कारण मागच्या मोटर सुटलेल्या आहेत. सात हजार पौंडांच्या गाडीचं हे सगळं काम दोन टायरांच्या तळहाताएवढ्या जागेवर. मागचे नुसते गडगडत येतात. तुमचे मागचे अजून ७/३२ आहेत, त्याचं कारण हेच.

स्पोर्ट मोडमध्येही गाडी खालीच बसते, पण तिथे चारही चाकं ओढतात, त्यामुळे झीज वाटली जाते. अर्थात सिग्नलवरून जोरात उचललीत तर मागचेही लवकर जातील. चारही मोटर आणि स्टँडर्ड उंची असलेला नेहमीचा मोड टायरला सगळ्यात सोयीचा.

हवेकडेही लक्ष द्या. गाडी रात्रभर थंड झाल्यावर हवा मोजायची आणि दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याशी जुळवायची. दर १० अंश फॅरनहाइटला साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरतो. तुमच्याकडे सप्टेंबर ते डिसेंबर पाच पीएसआय सहज जातात. पण हवा कमी असती तर दोन्ही कडा झिजल्या असत्या, जास्त असती तर मधला भाग. तुमची एकच कड गेलीय, म्हणजे दोष हवेचा नाही.

ट्रान्सपोर्टनगर

पुण्याहून लिहितोय. इलेक्ट्रिकचा अनुभव नाही, पण वडिलांचे दोन ट्रक होते, निगडीला टायरवाल्यांकडे लहानपण गेलं. एक युक्ती सांगतो, गेजच्या आधी करा. तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत लागलं आणि उलट जाताना ठोकळ्यांच्या कडा करवतीसारख्या टोचल्या तर टो बिघडलाय. दोन्हीकडून सारखंच लागलं आणि कड नुसती उतरती झाली असेल तर कॅम्बर. आमचे वस्ताद डोळे मिटून सांगायचे.

आमच्या ट्रकला पुढे सरळ एक्सल आणि पाट्यांचे स्प्रिंग. भरला काय, रिकामा काय, कॅम्बर फारसा हलायचा नाही. टाय रॉड ठोकला गेला की मात्र आठ दिवसांत टायर बोलायचा. तुमच्या गाडीत रोज बटण दाबून उंची बदलते म्हणजे टायरला रोज नवं गणित.

सई_लाँगमाँट

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रान्सपोर्टनगर, तुम्ही सांगितलंत तसं आत्ता गॅरेजमध्ये जाऊन केलं. आतून बाहेर हात सरकतो, बाहेरून आत आणताना बोटांना कडा टोचतात. डाव्या टायरला जास्त.

घाटरस्ता, तुमचं वाचून चार्जिंगची नोंद काढून बसले. कन्झर्व्हमध्ये मला सरासरी युनिटला २.३ मैल मिळतात, नेहमीच्या मोडमध्ये २.१. वर्षाला १२,००० मैल धरले तर पाचशे युनिट वाचतात. घरी युनिट १४ सेंटला पडतं, म्हणजे वर्षाला सत्तर डॉलर. पुढचे दोन टायर मात्र आठशे डॉलरचे आहेत, आणि मागचे अजून निम्मे शिल्लक असताना ते फेकावे लागणार. हा हिशोब मी गाडी घेतली तेव्हाच करायला हवा होता.

पावसाळी_सिएटल

पैशांखेरीज अजून एक. रबर झिजतं म्हणजे रस्त्यावर पडतं आणि पावसाबरोबर ओढ्यात जातं. इथे प्युजेट साउंडच्या ओढ्यांत पहिल्या पावसानंतर कोहो सामन मासे अंडी घालायच्या आधीच मरायचे. टायरमध्ये घालतात त्या ६पीपीडी नावाच्या रसायनापासून तयार होणारा पदार्थ त्याला कारण आहे, हे २०२० मध्ये इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं. मी मुलांना घेऊन ओढ्यावर मासे बघायला जाते, त्यामुळे हे मनाला लागतं. इलेक्ट्रिक गाडीतून धूर येत नाही, पण गाडी जड आहे. टायर जपून वापरणं हाही पर्यावरणाचाच भाग आहे.

घाटरस्ता

अगदी खरं.

सईताई, करवतीसारखं लागतंय म्हणजे टो नक्की. अलाइनमेंटला जाताना एवढं सांभाळा: एअर सस्पेन्शनची गाडी रॅकवर (अलाइनमेंट मोजायच्या यंत्रावर) घेताना ती कंपनीने सांगितलेल्या उंचीवर आणि सर्व्हिस मोडमध्ये हवी, म्हणजे मध्येच आपोआप वर-खाली होणार नाही. आधी चारही कोपऱ्यांची उंची मोजायला सांगा. सेन्सर चुकीची उंची दाखवत असेल तर पुढचं सगळं काम वाया. आणि आधीचे-नंतरचे आकडे असलेला कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. 'सगळं हिरव्यात आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. यंत्रावरचा हिरवा पट्टा, म्हणजे चालणाऱ्या आकड्यांची मर्यादा, रुंद असतो; टो त्याच्या मध्यावर आणून मागा.

टायर दोन घेतले तरी चालतील, पण नवे मागे लावा आणि मागचे ७/३२ वाले पुढे. ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते, ती सावरणं कठीण. ७/३२ आय-७० च्या नियमात बसतात, पण जेमतेम. सासू-सासऱ्यांना घेऊन बर्फात जाणार असाल तर मी चारही बदलीन, आणि ते बर्फासाठीचं पर्वत-हिमकणाचं चिन्ह असलेलेच. टायरवर मैलांची वॉरंटी असेल तर रोटेशनच्या पावत्या जपून ठेवा, दाव्याच्या वेळी त्या मागतात.

सई_लाँगमाँट

तीन महिन्यांनी अपडेट देतेय, कुणाला उपयोग होईल.

पहिल्या दुकानात गाडी कन्झर्व्हच्याच उंचीवर रॅकवर घ्यायला निघाले होते. मी अडवलं, तर म्हणाले फरक पडत नाही. गाडी काढून घेतली. दुसऱ्या दुकानातल्या माणसाने स्वतःहून विचारलं, "रोज कुठल्या उंचीवर चालवता?" तिथेच केलं. आधीच्या कागदावर डावीकडे पुढे ०.१४ अंश टो-आउट (चाकाचं तोंड बाहेर) होता, उजवीकडे ०.०९. आता दोन्हीकडे ०.०४ टो-इन (तोंड आत). मी विनंती केली म्हणून त्यांनी गाडी एकदा खालच्या उंचीला बसवून नुसतं वाचन घेतलं. चाकं पुन्हा बाहेर वळली, पडद्यावर आकडा सरकताना मी स्वतः पाहिला.

चारही टायर नवे घेतले. आता रोज नेहमीचा मोड, स्टँडर्ड उंची. कन्झर्व्ह फक्त लांबच्या प्रवासात, पुढचा चार्जर दूर असेल तेव्हाच. दर ५,००० मैलांना रोटेशनची आठवण फोनवर लावलीय, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी स्टिअरिंग वळवून आतली कड गेजने मोजते. नवे असताना सगळीकडे ११/३२ होते. ३,४०० मैल झाले: पुढे आत १०, मध्ये १०, बाहेर १०. मागेही तेच.

दिवाळीनंतर सगळे फ्रिस्कोला जाऊन आलो. आयझेनहॉवर बोगद्याच्या अलीकडेच बर्फ सुरू झाला. सासूबाई काच खाली करून हात बाहेर काढून बसल्या होत्या.

ट्रान्सपोर्टनगर

वा सईताई! पुढच्या रोटेशनला गेजबरोबर हातही फिरवा. आकडा बदलायच्या आधी हाताला कळतं.