राष्ट्रगीत सुरू असताना गुडघा टेकणारे खेळाडू: आठवतंय ते लिहा

मैदानी
मेक्सिको सिटीचा तो फोटो आज पुन्हा समोर आला आणि धागा काढल्याशिवाय राहवलं नाही. १६ ऑक्टोबर १९६८, ऑलिंपिकमधल्या २०० मीटर धावण्याच्या शर्यतीचा पदक समारंभ. अमेरिकेचे दोन काळे धावपटू. टॉमी स्मिथला सुवर्ण, १९.८३ सेकंद, तेव्हाचा विश्वविक्रम. जॉन कार्लोसला कांस्य. अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू झालं तशी दोघांनी मान खाली घातली आणि काळ्या हातमोज्यातली मूठ वर केली. पायात बूट नाहीत, नुसते काळे मोजे, ते काळ्या लोकांच्या गरिबीसाठी. कार्लोसच्या गळ्यातली मण्यांची माळ झुंडीने मारलेल्या माणसांसाठी. स्मिथचा उजवा हात वर आणि कार्लोसचा डावा, याचं कारण इतकंच की कार्लोस आपले हातमोजे विसरून आला होता. एकच जोडी दोघांनी वाटून घेतली.

पदकं काढून घेतली असं सर्रास सांगतात, ते चूक आहे. संघातून निलंबित केलं, क्रीडाग्रामातून बाहेर काढलं, पण पदकं त्यांच्याकडेच राहिली.

अशा प्रसंगांबद्दल नेमकं जे माहीत असेल ते लिहा. कुणी काय केलं, कुठल्या नियमाखाली केलं, काय भोगलं. या माणसांबद्दल अर्धवट माहितीवर फार वाईट बोललं जातं, ते मनाला लागतं.

रानजाई
त्याच ऑलिंपिकमधली चेकोस्लोव्हाकियाची जिम्नॅस्ट व्हेरा चास्लावस्का विसरू नका! ऑगस्ट ६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले, त्यानंतर दोन महिन्यांत ही स्पर्धा. ४ सुवर्ण, २ रौप्य. पदक समारंभात सोव्हिएत राष्ट्रगीत वाजलं तेव्हा तिने मान खाली करून बाजूला वळवली, तेही दोनदा. बाकी शरीर ताठ. मायदेशी परतल्यावर कित्येक वर्षं तिला काम मिळू दिलं नाही.
कुकर लावलाय, बाकीचं नंतर.

सांगलीकर
कॉलिन कॅपर्निकबद्दल लिहितो, कारण तिथे गोंधळ जास्त आहे. हा सॅन फ्रान्सिस्कोच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा खेळाडू, काळ्या लोकांवरच्या अन्यायाचा निषेध म्हणून राष्ट्रगीताला उभा राहिला नाही. २६ ऑगस्ट २०१६ला लोकांच्या लक्षात आलं तेव्हा तो गुडघ्यावर नव्हता, बाकावर बसला होता. सराव सामना होता, ग्रीन बे संघाविरुद्ध. मग नेट बॉयर नावाच्या माजी सैनिकाने त्याला जाहीर पत्र लिहिलं. बॉयर लष्कराच्या विशेष दलात होता आणि थोडे दिवस व्यावसायिक फुटबॉलही खेळला होता. दोघं भेटले, बोलले. बसून राहिलास तर सहकाऱ्यांपासून तुटल्यासारखं दिसतं, सैनिक पडलेल्या सोबत्याच्या थडग्यापुढे गुडघा टेकतात, तसं कर, हे बॉयरने सुचवलं. १ सप्टेंबरला सॅन डिएगोत कॅपर्निक आणि त्याचा सहकारी एरिक रीड गुडघ्यावर, शेजारी बॉयर छातीवर हात ठेवून उभा.
म्हणजे ज्याला लष्कराचा अपमान म्हणतात ती पद्धत एका सैनिकानेच सुचवलेली होती.

तळ्यातमळ्यात
+१ सांगलीकर. हे पन्नास वेळा सांगूनही लोक ऐकत नाहीत.

वकीलबाई
नियम काय होता ते पाहा, मग बरंच उलगडतं. एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) सामना-संचालन पुस्तिकेत दोन वेगळी क्रियापदं आहेत. राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडू मैदानाच्या कडेला असायलाच हवेत. पण ताठ उभं राहणं, झेंड्याकडे तोंड करणं, हेल्मेट डाव्या हातात धरणं, न बोलणं, हे सगळं करावं या सदरातलं. म्हणून गुडघा टेकल्याबद्दल लीगने कुणालाही दंड केला नाही. तसा नियमच नव्हता.

बास्केटबॉलची एनबीए वेगळी. तिथे रांगेत, आदबीने उभं राहणं सक्तीचं. म्हणून १९९६च्या मार्चमध्ये डेन्व्हरच्या महमूद अब्दुल-रऊफला उभं न राहिल्याबद्दल एका सामन्याची बंदी आणि ३१,७०७ डॉलरचा फटका बसला. तोडगा असा निघाला की तो उभा राहील, पण डोळे मिटून, मान खाली घालून प्रार्थना करेल. मोसम संपल्यावर डेन्व्हरने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं.

अमेरिकन संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीचा (अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी) हवाला दोन्ही बाजू देतात. ती सरकारला बांधते, खाजगी मालकाला नाही. संघमालक नोकरीचा नियम करू शकतो. मात्र राष्ट्राध्यक्षाने मालकांना 'यांना हाकला' म्हणून जाहीर सांगितलं, की सरकारचा हात मध्ये येतो. २२ सप्टेंबर २०१७ला हंट्सव्हिलमध्ये ट्रम्प यांनी तेच केलं आणि मग दोनच दिवसांत रविवारच्या सामन्यांत दोनशेहून जास्त खेळाडू बसले किंवा गुडघ्यावर आले.

जुना_शिपाई
सगळं मान्य, पण एक बाजू राहतेय. शहिदाच्या घरी घडी घातलेला झेंडा दिला जातो. त्या घरातल्या आईला ते गाणं वाजताना कुणी बसलेलं पाहून दुखणारच. तिला नियमपुस्तिका दाखवून काय होणार? तिचं दुखणंही खरं आहे, ते कुणी मूर्खपणा म्हणून झटकू नये.

सांगलीकर
काका, अगदी खरं. म्हणूनच अलेहान्द्रो व्हियानुएवाचं उदाहरण आठवतं. अफगाणिस्तानात लढलेला माणूस, पिट्सबर्गचा खेळाडू. २४ सप्टेंबर २०१७, शिकागो. वादात पडायचं नाही म्हणून संघाने मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यातच थांबायचं ठरवलं होतं. हा झेंडा दिसावा म्हणून चार पावलं पुढे गेला आणि सगळ्या कॅमेऱ्यांत एकटाच उभा दिसला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याने मात्र दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांना तोंडघशी पाडल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. उभा राहणारा आणि न राहणारा एकमेकांचे शत्रू नव्हते.

जुना_शिपाई
हे माहीत नव्हतं. बरं वाटलं वाचून.

एकतारी
जरा विषयांतर. ते अमेरिकन राष्ट्रगीत गायला फार अवघड आहे हो. सुरुवात 'प ग सा, ग प सां' अशी उतरून चढते आणि सगळ्यात वरचा सूर तार पंचम. म्हणजे पूर्ण सप्तक आणि वर पंचमापर्यंत, दीड सप्तकाचा पल्ला. मैदानावर वाद्य नसताना गायक पहिला सूर उत्साहात वर धरतात आणि 'ग्लेअर' किंवा 'फ्री' या शब्दांवर आवाज फाटतो. उपाय एकच, आपल्याला वाटते त्याहून खालची पट्टी धरायची आणि तिसरा सूर, म्हणजे खालचा सा, स्पष्ट लागतोय का ते आधी तपासायचं.

रानजाई
एकतारीदादा, शाळेतल्या कार्यक्रमासाठी हे जपून ठेवते :)

तळ्यातमळ्यात
पैशाचाही भाग आहे. एनएफएलच्या रात्रीच्या मोठ्या सामन्यांत २००९ पूर्वी खेळाडू राष्ट्रगीताला बहुतेक आतच असायचे. आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये सिनेटर मॅकेन आणि फ्लेक यांचा अहवाल आला. क्रीडासंघांशी केलेल्या जाहिरात करारांवर संरक्षण खात्याने निदान ६८ लाख डॉलर खर्च केले होते, त्यात सैनिकांच्या सत्काराचे, झेंडा पसरण्याचे कार्यक्रमही होते. प्रेक्षकांना वाटत होतं संघ मनापासून करतायत. मॅकेन स्वतः युद्धकैदी होते, त्यांनाच याची चीड आली.

फ्रीमाँटची_मामी
इथल्या, अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी कामाचं कुणी सांगा ना. मुलं शाळेच्या संघात खेळतात, प्रत्येक सामन्याआधी गीत असतं.

वकीलबाई
मामी, सरकारी शाळा असेल तर अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाचा १९४३चा बार्नेट निकाल आधार आहे. झेंड्याला वंदन किंवा प्रतिज्ञेची सक्ती करता येत नाही. खाजगी शाळेला तो लागू नाही, तिथे प्रवेशाच्या वेळी सही केलेली नियमावली वाचा. टेक्सास आणि फ्लोरिडात प्रतिज्ञेतून सूट हवी तर पालकांची लेखी चिठ्ठी लागते. संघाचा काही वेगळा नियम असेल तर तो प्रशिक्षकाकडून मोसमाआधी लेखी मागा, सामन्याच्या दिवशी वाद नको. आणि राष्ट्रगीताच्या संघीय कायद्यात उभं राहावं, उजवा हात छातीवर ठेवावा असं आहे, पण शिक्षा काहीच नाही.

जुना_शिपाई
आणि आपल्याकडे?

वकीलबाई
१९७१चा कायदा. कलम ३: राष्ट्रगीत मुद्दाम थांबवणं किंवा गाणाऱ्यांत व्यत्यय आणणं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. केरळची तीन मुलं धार्मिक श्रद्धेमुळे गात नव्हती, पण आदराने उभी राहायची. शाळेने काढलं. १९८६ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं: न गाणं म्हणजे अपमान नव्हे. महाराष्ट्रात चित्रपटगृहांत २००३ पासून राष्ट्रगीत वाजतं. देशभर केलेली सक्ती न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये ऐच्छिक केली.

रानजाई
कॅपर्निकचं पुढे काय झालं तेही लिहा कुणी. जेवणं उरकून आले.

सांगलीकर
मार्च २०१७ला करारातून बाहेर पडला, त्यानंतर एकाही संघाने घेतला नाही. संघांनी संगनमत केल्याची तक्रार ऑक्टोबरमध्ये केली, फेब्रुवारी २०१९ला तडजोड झाली. मे २०१८ला मालकांनी 'मैदानावर असाल तर उभे राहा, नाहीतर आत थांबा' असा नियम केला, तो खेळाडू संघटनेच्या तक्रारीनंतर दोन महिन्यांत थांबवावा लागला. जून २०२०ला लीगचे आयुक्त गुडेल यांनी खेळाडूंचं आधी ऐकलं नाही ही चूक मान्य केली. तेव्हाही कॅपर्निकचं नाव घेतलं नाही, आणि तो काही परत मैदानावर दिसला नाही.

रानजाई
उमेदीची वर्षं गेली हो त्याची.

मैदानी
पहिल्या फोटोतला तिसरा माणूस राहिला. पीटर नॉर्मन, ऑस्ट्रेलियाचा, रौप्य, २०.०६. हातमोजे वाटून घ्या ही कल्पना त्याची. दोघांसारखाच मानवी हक्कांचा बिल्ला त्याने अमेरिकन नौकानयन संघातल्या एका गोऱ्या खेळाडूकडून मागून छातीवर लावला. त्याची वेळ ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२४ पर्यंत कुणी मोडली नाही. २००६ला तो गेला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस खांदा द्यायला गेले.

मामी, तुमच्या जवळच सॅन होजे स्टेट विद्यापीठात या प्रसंगाचा २० फुटांहून उंच पुतळा आहे. स्मिथ आणि कार्लोस आहेत, दुसऱ्या क्रमांकाची जागा रिकामी. नॉर्मननेच तशी ठेवायला सांगितली, येणाऱ्या माणसाला तिथे उभं राहता यावं म्हणून.

फ्रीमाँटची_मामी
रविवारी मुलांना घेऊन जाते. त्या जागेवर उभं करून फोटो काढते.