भाषांतरात 'रन'चा नेमका अर्थ कसा पकडायचा?

प्रश्न
बातम्यांच्या भाषांतरात 'रन' दर वाक्यात निराळा निघतो. 'शी इज रनिंग अ फीवर', 'द कलर रॅन', 'रन ऑन द बँक'... कोशात अर्थांची रांगच आहे. त्यातून नेमका अर्थ निवडायची काही रीत आहे का?

प्रतिसाद १
आहे. आधी कर्म आहे का ते बघा. नसेल तर कर्त्यावरून ठरतं: माणूस धावतो, नाक वाहतं, इंजिन चालू असतं, कापडाचा रंग जातो. असेल तर कर्मावरून: दुकान चालवणं, चाचणी घेणं, बातमी छापणं, धोका पत्करणं. तापाला मात्र 'रन'साठी क्रियापद शोधूच नका. 'तिला ताप आहे', संपलं.

प्रतिसाद २
वरच्या रीतीत क्रियापदामागचा छोटा शब्द राहिला, आणि खरा घोळ तिथेच होतो. 'रन इंटू'च घ्या. पुढे ओळखीचा माणूस असेल तर अचानक गाठ पडली, खांब असेल तर गाडी आदळली, रक्कम असेल तर खर्च कोटींच्या घरात गेला. 'रन ओव्हर' गाडीचं असेल तर माणूस चाकाखाली आला, सभेचं असेल तर ती लांबली. 'रन आउट ऑफ'मध्ये कर्ताच बदलावा लागतो. 'वी रॅन आउट ऑफ मिल्क'चं मराठी 'दूध संपलं' एवढंच. 'आम्ही' ठेवलात की वाक्य बिघडलं. क्रिकेटमधला 'रन आउट' अर्थातच धावबाद.

प्रतिसाद ३
'रन ऑन द बँक'मध्ये 'रन' नाम आहे. बँक बुडेल या भीतीने ठेवीदारांची पैसे काढायला उडालेली झुंबड, असा अर्थ. ठेवींतला बराच पैसा कर्जात गुंतलेला असतो, म्हणून सगळे एकदम आले की रोकड पुरत नाही. २००७ साली ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेवर हीच वेळ आली होती. 'बँकेवर धाव' लिहिलंत तर वाचकाला काहीच कळणार नाही. 'प्रिंट रन' म्हणजे एका खेपेला छापलेल्या प्रती, 'ड्राय रन' म्हणजे आधी घेतलेला सराव.

कोशातली रांग खरोखरच लांब आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या २० खंडी आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती, सुमारे ४३० अर्थांची. पुढच्या सुधारणेत एकट्या 'रन' क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. त्यामुळे कोश वरून खाली वाचत बसू नका; कर्ता, कर्म आणि मागचा शब्द ठरवूनच उघडा.