मदत हवी आहे: प्लस फोर विजारीचा पट्टा गुडघ्यावर चढतो

१९२० च्या दशकात गोल्फ खेळताना घालत तशी प्लस फोर विजार (गुडघ्याच्या जरा खाली पट्ट्यात संपणारी घोळदार विजार) लोकरी ट्वीडमध्ये शिवली आहे, सायकलवर रोज वापरायला. विजारीचा पाय साखळीत अडकत नाही. ही विजार परत यायलाच हवी!

गुडघ्याखाली चार इंच जादा कापड, चुण्या घालून बकलाच्या पट्ट्यात घेतलंय. उभं राहिलं की झोळ झकास पडतो. पायडल मारताना मात्र पट्टा वाटीवर चढतो आणि तिथेच अडकून बसतो.

बकल आवळलं, इलॅस्टिक लावलं. पोटरीवर वळ उठले. अस्तर सुती, मोजे लोकरीचे. वेल्क्रो नको, जुनं रूप जाईल.

पट्टा उरेबी (कापडाच्या तिरक्या दिशेत) कापावा, की विजारीच्या आसनातच (बैठकीच्या भागात) जास्त सैलपणा द्यावा?