मदत हवी आहे: नव्या रेकॉर्ड प्लेयरचा आवाज डासासारखा! रविवारी बाबांची पंचाहत्तरी

शिंपी_गल्ली:
घाईत आहे, थोडक्यात लिहिते. रत्नागिरीच्या घराचा माळा आवरताना बाबांच्या रेकॉर्ड्सची पेटी सापडली. साठेक असतील. त्यांना न सांगता ठाण्याला आणल्या आणि नवा प्लेयर मागवला. आवाज इतका बारीक की पंखा बंद करून ऐकावं लागतं. खर्ज नाहीच. तबला म्हणजे कोणी पत्र्यावर टिचक्या मारतंय. व्हॉल्यूम पूर्ण वाढवला तर नुसती घूंऽऽ. तेच गाणं फोनवर लावलं तर खणखणीत! मग "रेकॉर्डची मजाच वेगळी" ही नुसती हवा आहे का? प्लेयर परत करायची मुदत परवा संपते. ठेवू की परत करू, एवढंच सांगा.

मंद्रसप्तक:
कुठला प्लेयर, कशाला जोडलाय, कुठल्या भोकात? हे कळल्याशिवाय "एवढंच" सांगता येत नाही.

जर्सीकर:
परत करा. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर. रेकॉर्डला ६०-७० मिळाले तरी पेढे वाटा. शिवाय हल्लीच्या बऱ्याच नव्या रेकॉर्ड्स डिजिटल मास्टरवरूनच कापतात. म्हणजे दुधाची पावडर करायची आणि पावडरचं पुन्हा दूध. मी चांगला डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करणारं यंत्र) घेतलाय, सगळं संगीत फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गाळणाऱ्या फाइल्समध्ये. फोटो टाकू का?

निवांत_नाना:
जर्सीकर, आकडेच ऐकायचे तर पाढ्यांची कॅसेट लावा. आमच्याकडे एचएमव्हीचा सुटकेसवाला प्लेयर होता. ना डॅक, ना डबा. सुई टेकवली की शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत गाणं. एलपीची, म्हणजे ३३ फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्डची, एक बाजू वीस-बावीस मिनिटं, तेवढा वेळ माणूस एका जागी बसायचा. तुमच्या फोनवर मुखडा संपायच्या आत अंगठा पुढच्या गाण्यावर.

शिंपी_गल्ली:
अहो भांडू नका, गुरुवार आहे आज! प्लेयर काळा आहे. बेल्टवाला. लाल-पांढरी वायर होम थिएटरच्या ऑक्समध्ये (बाहेरचं यंत्र जोडायच्या भोकात) घातली आहे.

मंद्रसप्तक:
"काळा आहे" ही माहिती फार उपयोगी पडली. असो. घोटाळा ऑक्समध्ये आहे. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि वरचे स्वर चढवतात. नाहीतर खर्जाच्या खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला निम्मी गाणीही मावायची नाहीत. वाजवताना हे उलटं करून घ्यावं लागतं, ते काम फोनो प्रीॲम्पचं, म्हणजे मध्ये जोडायच्या एका छोट्या डब्याचं. त्यात मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या तुकड्यातून) येतात जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट, ऑक्सला त्याच्या शंभरेक पट लागतात. म्हणून तुमचा डास. प्लेयरच्या मागे "फोनो / लाइन" असा बारीक स्विच आहे का बघा. असला तर लाइनवर करा, काम फत्ते.

शिंपी_गल्ली:
स्विच नाही. एक बारीक वायर नुसती लोंबतेय, ती कापली तर चालेल?

मंद्रसप्तक:
कापू नका!! ती अर्थिंगची. घूंऽऽ तिच्यामुळेच असणार. वेगळा प्रीॲम्प आणा आणि ती त्याच्या स्क्रूला बांधा.

निवांत_नाना:
आमच्या प्लेयरला कसा नाही लागला कधी प्रीॲम्प?

मंद्रसप्तक:
नाना, त्यात सिरॅमिक कार्ट्रिज असायचं. त्याचा आवाज मुळातच मोठा आणि सूरही बऱ्यापैकी जागेवर, म्हणून डबा नको. पण ती सुई पाच-सहा ग्रॅमने दाबायची, आताच्या दीड ते साडेतीन ग्रॅमने. तुमच्या रेकॉर्ड्स नांगरल्या गेल्या असतील.

निवांत_नाना:
नांगरल्या, पण पीक आलं.

तिसरी_घंटा:
कोणी सांगितलंच नाही म्हणून सांगतो. माळ्यावरच्या, त्यात कोकणातल्या, म्हणजे बुरशी असणारच. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या. आणि आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा.

मंद्रसप्तक:
उभ्या ठेवा, बरोबर. पण स्पिरिट सरसकट लावू नका! पेटीत जुन्या, ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड्स असल्या तर त्या लाखेच्या. सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, तेच तुमच्या गाण्याचं होईल. डिस्टिल्ड पाणी, साध्या साबणाचे दोन थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेने गोल. मधलं लेबल भिजवू नका.

तिसरी_घंटा:
मी वीस वर्षं स्पिरिटने पुसतोय.

मंद्रसप्तक:
तुमच्या एलपी असतील, प्लास्टिकच्या. म्हणून वाचलात.

चहाबाज:
पॉपकॉर्न आणलेत.

शिंपी_गल्ली:
लॅमिंग्टन रोडवरून दोन हजारांचा डबा आणला. मंद्रसप्तक, तुमच्या तोंडात साखर पडो! तबल्याला डग्गा परत मिळाला. फोनवर सगळं स्वच्छ येतं, पण यात गाणारी बाई खोलीत बसल्यासारखी वाटते. मधूनमधून चरचर आहे, ती चालेल. पण आता नवीनच. आठ-दहा रेकॉर्ड्सवर बायका पुरुषांसारख्या गातात, त्याही झोपेत. बाबांची सगळ्यात लाडकी नेमकी त्यातच. प्लेयर बिघडलाय का? मुदत उद्याच संपते.

मंद्रसप्तक:
त्या जाड, जड, एका बाजूला एकच गाणं असलेल्या आहेत का?

शिंपी_गल्ली:
हो. ते महत्त्वाचं आहे का?

मंद्रसप्तक:
(कपाळावर हात.) त्या ७८च्या, मिनिटाला ७८ फेरे. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, मोठमोठ्या गवयांनीही तेवढ्यात राग उभा केलाय. तुमचा प्लेयर ३३ आणि ४५ एवढेच वेग देत असणार. बिघडलेला नाही, लहान पडतोय.

कोडगा_कोडर:
सोपं आहे. ४५वर वाजवून लॅपटॉपवर रेकॉर्ड करा, ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये वेग १.७३ पट करा. फुकट काम.

मंद्रसप्तक:
वेग सुधारेल, सुईचं काय? ७८ला साधारण ७५ मायक्रॉनची जाड सुई लागते, एलपीची १८च्या आसपास. रुंद गटारात सायकलचं चाक घातल्यासारखी ती तळ खरवडत जाईल. सुईही जाईल.

जर्सीकर:
शेवटी डिजिटलवरच आलात ना! ती ७८ कोणीतरी योग्य सुईने उतरवून ठेवलेली असेल. शोधा आणि फोनवर लावा.

निवांत_नाना:
वेगांवरून आठवलं. आमच्या प्लेयरला १६चाही वेग होता, घरात कोणालाच कळलं नाही कशासाठी. पुढे वाचलं की १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात पाठवलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी १६⅔ फेऱ्यांची आहे. आणि तिच्यात आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकर, राग भैरवी. फ्लॅक नाही पाठवलं, जर्सीकर.

जर्सीकर:
१९७७ला फ्लॅक नव्हतं, नाना.

शिंपी_गल्ली:
सोमवारचा अपडेट. प्लेयर ठेवला. एलपी दिवसभर चालू होत्या, काकांनी दोन उलट्या बाजूने पाकिटात घातल्या. ती ७८ फोनवर सापडली, तीही लावली. बाबांनी अर्धं मिनिट ऐकलं आणि म्हणाले, ही ती नव्हे. त्याच बाईंनी तीच चीज दोनदा रेकॉर्ड केली होती म्हणे, बाबांची ती आधीची. आता ती शोधताही येत नाही आणि वाजवताही. ठाण्याच्या आसपास कोणाकडे ७८ वाजवणारं काही आहे का?

निवांत_नाना:
डोंबिवलीला आहे. तोच सुटकेसवाला. फिरतो नीट, आवाज येतो.

मंद्रसप्तक:
नाना, सुईच्या बाजूला छोटी खिट्टी आहे का? ती फिरवली की सुई उलटते, एका बाजूला एलपीची, दुसऱ्या बाजूला ७८ची. जुन्या सिरॅमिकवाल्यांत असायची.

निवांत_नाना:
आहे! चाळीस वर्षं मला वाटत होतं ती तुटलीय. शनिवारी घेऊन या बाबांना. येताना चार वडापाव, चटणी जास्त.

मंद्रसप्तक:
पाच घ्या, मीही येतो.

नवा_गडी_२२:
धागा पूर्ण वाचला नाही, पण ब्लूटूथ स्पीकर का नाही घेत?